दोनच

"एका कुटुंबातल्या दोघांनाच शिष्यवृत्ती मिळते. ही तिसरी. हिची फी पूर्ण भरावी लागेल," कॉलेजच्या खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या.

माझी ताई डेंग्यूने गेली त्याला दीड वर्ष झालं, तरी कुणी विचारलं की आई 'मला तीन मुलं' असंच सांगायची. आत्याने एकदा टोकलं, तर महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

आज आई खिडकीशी वाकली. "मॅडम, मला दोनच मुलं आहेत. हिचा भाऊ आणि ही. मोठी वारली."

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, मग आईकडे. "तिने एक वर्ष शिष्यवृत्ती घेतली होती, मावशी. त्यामुळे ती मोजली जातेच."

फाटकाबाहेर आल्यावर आई मटकन खाली बसली.

"उगीच म्हटलं मी दोन."