लाल पट्टी

"सिस्टर, पायातली लाल पट्टी मीच कापली होती," बारशाच्या घुगऱ्या हातावर ठेवत बाळाची आत्या म्हणाली. "लेकराला रुतत होती हो. तिच्या जागी काळा दोरा बांधला. काही चुकलं का?"

गावित सिस्टरांनी पाळण्यात पाहिलं. बाळ मुठी आवळून खणखणीत रडत होतं.

प्रसूतिगृहातलं यंत्र जन्मल्याबरोबर बाळाचा श्वास ऐकायचं. जगणार नाही म्हणालं, की पायात लाल पट्टी. काचेच्या पेट्या मोजक्याच, म्हणून लाल पट्टीवाल्याला पेटी द्यायची नाही. आईच्या कुशीत ठेवून दार लोटून घ्यायचं. जगण्यासारख्यांना पेट्या मिळू लागल्या आणि नवजात मृत्यू दरवर्षी घटत गेले. यंत्र एकदाही चुकलं नव्हतं. दसऱ्याला मोठे डॉक्टर त्याला हार घालायचे.

हे बाळ बिनपट्टीचं दिसलं, म्हणून सिस्टरांनीच ते पेटीत ठेवलं होतं.

"नाही, काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. घुगऱ्यांना चव लागली नाही.

वॉर्डात परतल्या तेव्हा यंत्रातून नवी लाल पट्टी बाहेर आली होती. सवयीच्या हातांनी त्यांनी ती एका इवल्या पायात बांधलीसुद्धा. कोपऱ्यातली पेटी रिकामी होती, पुढच्या जगणाऱ्या बाळासाठी राखलेली.

 मग त्या कात्री शोधू लागल्या. त्या आत्याखेरीज या वॉर्डात लाल पट्टी आजवर कुणी कापली नव्हती. ती बाळाबरोबरच मातीत जायची.