प्रयोगाची ओढणी

सातवीतली प्रियू रोज आईची ओढणी दप्तरात कोंबायची. विचारलं की म्हणायची, "सरांनी प्रयोगाले मांगतली." आईच्या, रंजीताच्या मनात पाल चुकचुकली. बाईमाणसाच्या ओढणीचं शाळेतल्या या नव्या सरांना काय काम? तिने तडक सरांना फोन लावला.

"ओढणी? मी तर एकदाच बाहुली आणाले सांगतली होती, ताई. गाडी झटकन थांबली का वरची बाहुली समोर कशी फेकल्या जाते, ते दाखवाले."

म्हणजे पोरगी खोटं बोलून राह्यली! दुसऱ्या दिवशी रंजीता लपतछपत फाट्यापर्यंत गेली. शाळेच्या खचाखच भरलेल्या ऑटोत, ड्रायव्हरच्या बाजूला टोकावर बसलेल्या धाकट्या बहिणीला, ओवीला, प्रियू ओढणीनं दांडीशी घट्ट बांधत होती. आईला पाहून ती दचकलीसुद्धा नाही.

 

"अजून दोन देनं वं, आई. समोर तिघं बसतेत."