बागेतला आवाज

बागेत उभ्या असलेल्या बायकोनं केस सारखे केले. म्हणजे आवाज जास्त. दिवाणखान्याच्या खिडकीतून साउंडवाल्यानं ते टिपलं आणि हातातल्या टॅबवर बागेचा आवाज जरा खाली आणला. तिनं हात कमरेवर ठेवले. म्हणजे आता ठीक.

"वा! कान तयार आहे हो तुमचा," शेजारी उभे असलेले साहेब म्हणाले.

साउंडवाला कसनुसा हसला. त्याचा कान तयार कसला, पार कामातून गेला होता. जाडा आवाज कळायचा, बारीक सूर मात्र गायब. समोरच्याचं बोलणं ओठ बघून कसंबसं निभावून न्यायचं. कानाचं मशीन होतं, पण ते खिशात. कानात मशीन घातलेल्या माणसाला घरभर स्पीकर लावायला कोण बोलावतंय? आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं. मग बायकोच हेल्पर झाली. खुणा दोघांनी स्वयंपाकघरात बसून ठरवल्या होत्या, हसत हसत. बाहेर आल्यावर मात्र हसू कुठल्या कुठे जायचं.

त्यात आजचं घर अवघड. साहेबांचे वडील नामांकित व्हायोलिनवादक. उद्या त्यांच्या आठवणीत माणसं जमणार होती. खोल्यांत, गच्चीवर, बागेत, सगळीकडे त्यांच्या मैफली वाजणार, आणि प्रत्येक जागेचा आवाज वेगळा कमी-जास्त करता यायला हवा. साहेबांचं सकाळपासून एकच पालुपद.

"बाबांचा कान म्हणजे काय सांगू तुम्हाला! इतकं वय झालं, पण शेवटच्या मैफलीपर्यंत एक सूर हलला नाही. त्यांच्या घरात आवाज जरासुद्धा वेडावाकडा नको. आधीच्या माणसाला मी अर्ध्या कामातून घालवलंय. आणि सगळ्या ओळखीच्यांना सांगितलंय, याला बोलावू नका."

हे शेवटचं वाक्य साउंडवाल्याला ओठांवरून अगदी स्वच्छ कळलं.

बाहेर ऊन उतरलं होतं. वेताच्या खुर्चीत साहेबांच्या म्हाताऱ्या आई बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी, फुलझाडांत, दगडासारखा दिसणारा एक स्पीकर होता. त्यातून नवऱ्याचं व्हायोलिन वाजत होतं. बाई ऐकत होत्या. मधूनच चष्मा खाली-वर करायच्या, तेवढीच काय ती हालचाल.

तेवढ्यात मेला एक डास चावला. बायकोनं मानेवर चापट मारली. आता मानेवर हात म्हणजे बंद कर! आत साउंडवाल्यानं इमानदारीत बागेचं व्हायोलिन ऐन रंगात बंद केलं.

"अहो, हे काय? बंद का केलंत?"

तो टॅबकडे बघत होता, त्याला काय कळणार! साहेबांनी खांद्याला हात लावून पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं दचकून वर बघितलं.

"तपासत होतो, साहेब. बागेतला बंद केल्यावर आतला कसा लागतो ते."

"हं," साहेब म्हणाले. हे 'हं' काही बरं नव्हतं.

व्हायोलिन पुन्हा सुरू झालं. आता बायकोनं कानाची पाळी ओढली. म्हणजे काहीतरी बिघडलंय, ये. तो बाहेर आला, मागोमाग साहेब. ती बोलणार कशी? तिनं चप्पल शोधल्यासारखं करत पाय त्या दगडी स्पीकरकडे नेला. तो खाली बसला. मागे तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या, म्हणून आवाज पोकळ येत होता. त्यानं त्या बदलल्या. व्हायोलिन एकदम भरून आलं. तिचे हात कमरेवर गेले.

साहेब बघतच राहिले. "कमाल आहे! मी इतका वेळ ऐकतोय, मला फरक कळला नाही. आतून कसं कळलं हो तुम्हाला?"

"सवय, साहेब."

"उद्या तुम्हीही या. सगळ्यांशी ओळख करून देतो. चला, गच्चीवरचा ऐकू."

दोघं वर गेले. बायको उरलेल्या तारा गुंडाळायला लागली.

"इकडे ये गं," खुर्चीतून हाक आली.

ती जवळ गेली. आजींचे डोळे चांगले टक्क उघडे होते.

"मघापासून बघतेय. केसाला हात, कमरेवर हात, कान काय ओढतेस. कधीपासून ऐकू येत नाही त्याला?"

ती चपापली. "आजी, हात जोडते. साहेबांना सांगू नका. सगळ्यांना कळेल हो. मग कोणी दारातसुद्धा उभं करणार नाही त्यांना. फार जीव आहे त्यांचा या कामावर." आणि तिला रडूच कोसळलं.

आजींनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. दगडातून व्हायोलिन वाजत होतं. शेवटची लांबलचक तान आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"त्यांची शेवटची मैफल," आजी म्हणाल्या.

"किती सुंदर वाजवलंय," ती डोळे पुसत म्हणाली.

"हो ना?" आजींनी वर गच्चीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "हात एवढे वर नेत जाऊ नकोस, पोरी. आणि अशी उभी राहू नकोस, लोक बघतात. मी पहिल्या रांगेत बसायचे. सूर चढला की चष्मा खाली, उतरला की वर. कितीतरी मैफली गेल्या तशा. पोटच्या पोराला अजून पत्ता नाही."