वाटणीला आलेले प्राध्यापक

प्राध्यापक ठरल्या वेळेच्या आधीच लॅपटॉपच्या पडद्यावर आले आणि मिस्त्रीला लॅबमधून बाहेर पडता आलं नाही.

दार मुलाखतीसाठी लॅपटॉपसमोर बसलेल्या मॅडमच्या पाठीमागे होतं. बाहेर जायचं तर कॅमेऱ्यात दिसणार. लॅबमधली ट्यूब लुकलुकते म्हणून तो आपल्या खोलीतला टेबल लॅम्प घेऊन आला होता. उजेड तिच्या चेहऱ्यावर नीट पडतोय ना ते बघून तो निघणारच होता. आता त्याने जीभ चावली, टेबलाच्या पलीकडे पंपाच्या पाइपाला टेकून जमिनीवर फतकल मारली आणि हात हलवून खूण केली की मी इथे नाहीच.

त्याला वर्गात सगळे मिस्त्री म्हणत, कारण त्याच्या हातात कायम पाना असे. तिला मॅडम म्हणत, कारण ती तोलूनमापून बोलायची.

"गुड मॉर्निंग," लॅपटॉपमधून आवाज आला.

मिस्त्रीचं डोकं झटकन वर झालं. हा आवाज तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार? या आवाजातली लेक्चर्स तो जेवतानासुद्धा लावून ठेवायचा. आजची मुलाखत दुसऱ्याच विद्यापीठाची आहे, असं मॅडमने त्याला सांगितलं होतं.

परदेशात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या त्यांच्या लॅबच्या मुलांचा एक रिवाज होता. एकाच प्रकल्पावर राबलेल्यांनी एकाच प्राध्यापकाकडे जायचं नाही, उगाच एकमेकांच्या पायात पाय येतात. म्हणून सगळे स्टुलं गोल मांडून बसत आणि पत्ते वाटावेत तसे प्राध्यापक वाटून घेत. हे प्राध्यापक मिस्त्रीच्या वाटणीला आले होते. त्यावरून कोणी भांडलंही नव्हतं. पुढे एक दिवस मॅडमनेच त्याला सांगितलं, "अरे, ते यंदा कोणालाच घेत नाहीयेत. एका सिनियरकडून कळलं." मिस्त्रीचं तोंड एवढंसं झालं. मग तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस, नाहीतर फुकट धावपळ झाली असती. कुठल्याही सिनियरने असं काही सांगितलं नव्हतं.

"तुमच्या पंपाबद्दल सांगा," प्राध्यापक म्हणाले. "त्याची थरथर कमी कशी केलीत?"

मॅडमने आठवडाभर सगळी उत्तरं घोकली होती. प्रत्येक उत्तर 'मी'पासून सुरू होत होतं. मी मोजमाप घेतलं, मी पात्यांचा कोन बदलला, मी पुन्हा चाचणी केली. पण पडद्याच्या बाजूने, दोन हातांवर, मिस्त्रीचा चेहरा दिसत होता. तिच्या तोंडून 'आम्ही' बाहेर पडलं. एकदा पडलं ते पडतच राहिलं.

प्राध्यापक हसले. "आम्ही म्हणजे तुम्ही आणि आणखी कोण?"

"माझा... एक मित्र आहे."

"तोच का? थांबा हं. तुमच्याच लॅबमधल्या एका मुलाचा मेल बरेच दिवस माझ्याकडे पडून होता. काल वाचला. यंदा मी कोणाला घेत नाहीये हे ऐकून वाईट वाटलं, पण लेक्चर्सबद्दल आभार मानल्याशिवाय राहवलं नाही, असं लिहिलंय. पात्यांचा कोन बदलायचं त्यालाच सुचलं म्हणे. आणि गणित चोख करणारी एक मैत्रीण होती म्हणून ते जमलं, असंही म्हणतो. त्या तुम्हीच ना?"

"हो."

"मग मला एक सांगा, मी कोणाला घेत नाहीये हे त्याला सांगितलं कोणी?"

मॅडमचे कान तापले. समोर बघायची हिंमत होईना आणि दुसरीकडे कुठे बघायचं तर प्राध्यापक बघत होते. आता एवढं एक वाक्य खरं बोलले तर, तिच्या मनात आलं. वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलंसुद्धा.

"त्याचा काहीतरी गैरसमज झाला असेल, सर," ती म्हणाली. "तो जरा... कामाच्या नादात अर्धवट ऐकतो."

बोलता बोलताच तिला स्वतःची किळस आली. पंपापाशी काहीच हललं नाही.

"असेल, असेल," प्राध्यापक म्हणाले. "जागा एकच आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण अर्ज आज रात्रीपर्यंत घेतोय. त्याच्याशीही बोलायला मला आवडेल. मी त्याला लिहिलं असतं, पण आता दिवसभर बैठका आहेत, आणि तुमची तर रोजची गाठ. एवढा निरोप त्याला द्याल?"

"हो सर. नक्की."

आणखी दोन-चार प्रश्न झाले. तिने उत्तरं दिली, बहुतेक बरोबरच दिली असावीत, कारण प्राध्यापक खूश होऊन गेले. पडदा काळा झाला. तिने लॅपटॉप मिटला, पण हात त्याच्यावरून उचलला नाही.

मिस्त्री उठला. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून थोडा वेळ एका पायावर उभा राहिला, मग पँटवरची धूळ झटकली. तो ओरडेल, लॅम्पची वायर खसकन ओढून निघून जाईल, या सगळ्याची ती वाट बघत होती. तसं झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

त्याने एक स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर येऊन बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, बातमी ऐकायला बसलेल्या माणसासारखे.

"बोल," तो म्हणाला. "माझ्यासाठी निरोप आहे ना?"