समोरचा भिडू

“हा पन नको?” गिरधर वैतागला. “पंडितभाऊ, तीन मानसं आनून दाखवले. चौथा भिडू आता सर्गातून आनू का?”

चिंधाला जाऊन चार महिने झाले होते. पंचवीस वर्षं फैजपूरला चिंधाच्या ओट्यावर रोज दुपारी मेंढीकोट रंगायचा. गिरधर आणि जीवराम एका बाजूला, पंडित आणि चिंधा दुसऱ्या बाजूला.

चिंधा स्वयंपाकघराच्या खिडकीला पाठ टेकून बसायचा. अवघड पान आलं की डोकं मागे गजांना लावून डोळे मिटायचा. “लागली समाधी,” असं म्हणून जीवराम हसायचा. मग चिंधा डोळे उघडून असं पान टाकायचा, की याने आपल्या हातातले पत्तेच वाचले असं पंडितला वाटायचं.

पंडितची बायको लवकर गेली. मुलगा-सून जळगावला. केळीच्या बागेत दिवस निघायचा, पण न बोलता मन ओळखणारं माणूस त्याला ह्या एवढ्या डावातच भेटायचं. नव्या भिडूसमोर त्याचा हातच चालत नव्हता.

आज तिघं चिंधाच्या घरी आले होते, ते पत्त्यांचा कॅट परत द्यायला.

“वहिनी, ठेवा हा,” पंडित चिंधाच्या बायकोला म्हणाला. “माह्याच्यानं आता खेळनं होत नही.”

सुनंदाबाईंनी कॅट घेतला, पण आत नेला नाही. पदराला हात पुसून त्या चिंधाच्या जागी बसल्या.

“एक डाव मी बसू का?”

त्या ओट्यावर बाईमाणूस कधी पत्त्यांना बसलं नव्हतं. गिरधरने जीवरामकडे पाहिलं. शेवटी जीवरामच म्हणाला, “बसा ना, वहिनी.” त्यांचं मन राखायचं म्हणून पंडितनेही पानं उचलली.

बघता बघता तीन दश्श्या पंडितच्या बाजूला आल्या. राहिली बदामची. पंडितकडे बदामचा राजा होता, एक्का कुणाकडे ते माहीत नव्हतं. का कोण जाणे, तो समोरच आहे असं त्याला वाटलं. त्याने राजा टाकला. गिरधरची सत्ती पडली. सुनंदाबाईंनी क्षणभरही न थांबता राजावर दश्शी ठेवली. जीवरामकडे तिर्री होती. पुढच्या हाताला सुनंदाबाईंनी बदामचा एक्का काढला.

चारही दश्श्या. कोट!

पंडितचे डोळे भरून आले. चार महिन्यांत पहिल्यांदा चिंधा समोर बसल्यासारखं वाटत होतं.

“वहिनी,” तो कसाबसा म्हणाला, “चिंधानं तुमाले लय चांगलं शिकवलं.”

सुनंदाबाई पानं गोळा करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या,

“त्यायले पत्त्यातलं काही समजेच नही, पंडितभाऊ. पंचवीस वर्षं खिडकीमांगून मीच सांगे.”