मधली डबी

लाल दिवा लागला. तरी कॉम्प्युटर म्हणाला, काहीच जोडलेलं नाही.

हर्षालीनं वायर उपसली, पुन्हा खुपसली. सकाळपासूनची ही चौदावी खेप. तिनं वायर बदलून पाहिली होती. कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला होता. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला होता. आदिलाबादच्या दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, "लाइट जल रही है ना? फिर माल अच्छा है." आणि फोन ठेवून मोकळा झाला.

भांड्यांवर नाव कोरायची मशीन जुनी होती, कॉम्प्युटर नवा. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नसे. म्हणून दोघांच्या मधे काडेपेटीएवढी एक डबी होती. एका अंगाला मशीनची जाड वायर, दुसऱ्या अंगाला यूएसबीचं चौकोनी तोंड, आणि वर दोन बारके दिवे: वीज आली की लाल, बोलणं जुळलं की हिरवा. "आपला मराठी माणूस सरकारी हापिसात जाताना तेलुगू येणारा सोबत नेते ना, तशी ही," असं हर्षालीनं डबी आणली त्या दिवशी आईला समजावलं होतं. दसऱ्याच्या सुट्टीआधी डबीनं चोख काम केलं. आज दुकान उघडलं, तर दुभाष्यानंच तोंड मिटलेलं.

बाकावर रुक्माबाई पितळी परात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जैनथ गावाहून आल्या होत्या. उद्या कोजागिरी. गावच्या देवळात नवऱ्याच्या नावानं परात द्यायची होती, आणि तिच्यावर 'कै. उद्धवराव' एवढं कोरून हवं होतं. परतीचा ऑटो तीनला निघणार होता.

"तुह्या बापाले मशीन लागत नव्हती बाई," त्या म्हणाल्या. "छिन्नी-हातोडी घेतली का झालं. चहा थंडा व्हायच्या आत नाव तयार."

हर्षालीच्या बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. ते दवाखान्यात होते तेव्हा तिनं आईच्या बरोबरीनं देव पाण्यात ठेवले होते. अकरा दिवस ठेवले. बाराव्या दिवशी बाबा गेले. तेव्हापासून तिनं दुकानामागच्या देवघराचा उंबरा ओलांडला नव्हता. आईनं, सुभद्राबाईंनी, तिला कधी टोकलं नाही. रोज समई लावताना देवाकडे मात्र त्या एवढंच मागत, एकदा तिचे हात जुळू दे.

"होईल का वो सुभद्राबाई, तीनवरक?"

सुभद्राबाई वाती वळत होत्या. "मले माहीत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

हर्षालीनं कपाळावर हात मारला. "आई, होईल म्हणायले काय जात होतं तुह्यं?"

काय जात होतं ते तिलाही ठाऊक होतं. सुभद्राबाई दर चातुर्मासात एक गोष्ट सोडत. गेल्या साली मीठ सोडलं होतं. यंदा खोटं सोडलं होतं, कार्तिकी एकादशीपर्यंत. दुकानाला मिठाचा नेम परवडला होता.

अडीच वाजले. वायर खुपसली. लाल दिवा. काहीच जोडलेलं नाही.

रुक्माबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "राहू दे पोरी. माणूस तं गेलाच, नाव पुढच्या साली टाकू."

हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वायरी काढल्या आणि डबी आईच्या पुढ्यात आदळली. "घे! मले नाही जमत. तुह्या देवालेच सांग आता."

ती रागानं बोलली होती. सुभद्राबाईंनी डबी ओंजळीत घेतली. खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू अजून तिच्या पाठीवर होतं. त्यांनी ती दाराच्या उजेडाकडे धरली, थोडं थांबल्या, मग देवघरात गेल्या. समईजवळ पाठमोऱ्या बसल्या. मान खाली. बराच वेळ. बाहेर रुक्माबाईंनीही परात बाजूला ठेवून हात जोडले.

सुभद्राबाई परत आल्या. एक हात पदराखाली होता. "आता लाव."

हर्षालीनं कंटाळून वायरी लावल्या. लाल दिवा लागला. मग त्याच्या शेजारचा हिरवा लागला, आज पहिल्यांदाच. मशीनला जाग आली. सुई परातीवर उतरली आणि टकटक करत 'कै.' लिहू लागली.

तीनला पाच कमी असताना रुक्माबाई परात छातीशी धरून निघाल्या. दारातून म्हणाल्या, "देव हाय बाई तुमच्या घरात!"

हर्षाली दिव्यांकडे पाहत उभी राहिली. मग तिनं चप्पल काढली. मागच्या खोलीत गेली, उंबरा ओलांडला, आणि तिचे हात जुळले.

सुभद्राबाई दारातच थबकल्या. तीन वर्षं मागितलेलं समोर उभं होतं. कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. आणि न विचारलेलं सांगितलं नाही, तर ते खोट्यात मोडत नाही.

"आई," हर्षालीनं मान वळवून विचारलं, "काय म्हणलं तू देवाले?"

सुभद्राबाईंनी समईकडे पाहिलं. पदराखालचा हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. तळव्यावर एक सेफ्टी पिन होती, आणि कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

"काहीच नाही म्हणलं. हा डबीच्या तोंडात फसला होता, वायर पुरी बसत नव्हती. उजेडात पिनेनं काढला." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "खंडेनवमीले अक्षता मीच टाकल्या होत्या."

हर्षाली दाण्याकडे पाहत राहिली. हात तिनं सोडले नाहीत. ते तसेच जोडलेले ठेवून तिनं देवाकडे पाठ केली, आणि आईपुढे वाकली.