सोफ्याखालचे मणी

गुडघे कुरकुरत होते, तरी आजी रांगत सोफ्यापाशी पोचली आणि तिने खाली डोकं घातलं. नाताळच्या सुट्टीला लेक येणार होती आणि तिच्याबरोबर तिचा कुत्रा गुंड्या. गुंड्या दिसेल ते खातो. "आई, त्याच्या उंचीवरून घर बघ," लेकीने फोनवर बजावलं होतं. "आणि त्याची औषधाची गोळी देशील तेव्हा लक्ष ठेव. लबाड आहे तो. गालात धरतो आणि पाठ वळली की टाकून देतो. तोंड मिटून धरायचं, गळ्यावरून हात फिरवायचा, गिळली की मगच सोडायचं."

चॉकलेटचा डबा कपाटावर गेला. मनुकांचा केक फ्रीजमध्ये गेला. दिव्यांच्या माळेची वायर भिंतीला चिकटली, नाताळच्या झाडाच्या खालच्या फांद्यांवरची चमकी वर सरकली.

"एवढी बडदास्त जावयाचीसुद्धा ठेवली नव्हतीस," आजोबा सोफ्यावरून म्हणाले.

"जावई खाली पडलेलं खात नाही. पाय उचला."

सोफ्याच्या मागच्या पायापाशी पांढरे मणी सांडले होते. सजावटीच्या माळेतले असणार. आजीने ते गोळा केले, उजेडात आणले, चष्मा लावला. मण्यांना भोकं नव्हती. प्रत्येकावर मधोमध एक रेघ होती.

ती रेघ तिच्या ओळखीची होती. रोज जेवण झालं की आजोबांची रक्तदाबाची गोळी तीच त्यांच्या हातावर ठेवायची, पाणी द्यायची आणि ताटं उचलून स्वयंपाकघरात जायची. रक्तदाब काही उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. त्यांना एकट्याला अळणी कसं वाढायचं, म्हणून आजीही तसंच जेवू लागली. मागच्या महिन्यात अंधारी येऊन ते बाथरूममध्ये पडले, तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

आजीला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. तिने मूठ त्यांच्यापुढे उघडली.

आजोबांनी खिडकीबाहेर बघितलं. "त्या घेतल्या की दिवसभर गळून गेल्यासारखं होतं. आणि मला काय धाड भरलीये?"

"गुंड्या या खाऊन गेला असता. तुम्ही न खाता जाल. मग मी कोणासाठी अळणी जेवू?"

आजीने डॉक्टरांना फोन लावून काही न लपवता सगळं सांगितलं. आजपासून नीट सुरू करा, ते म्हणाले, थकवा आला तर औषध बदलून देतो.

दुपारी जेवणं झाली. आजोबांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि सवयीने आजीच्या उठण्याची वाट पाहू लागले.

ताटं तशीच राहिली. आजीने खुर्ची जवळ ओढली, त्यांची हनुवटी धरून तोंड मिटलं आणि गोळी खाली उतरल्याचं बोटांना कळेपर्यंत ती त्यांच्या गळ्यावरून हात फिरवत राहिली.